आजोबांच्या सायकलला नवी चाकं

आमच्याकडे आजोबांची दांडीच्या ब्रेकची सायकल आहे. दादा तिच्यावरून उतारानं डेअरीत दूध नेतो. रिमा गंजल्या, म्हणून बदलायच्या ठरल्या.

आधी टायरवरचं माप वाचावं. आमचं २८ × १½ आहे. मग तारा मोजाव्यात. पुढं ३२, मागं ४० भरल्या! रिमला तेवढीच भोकं हवीत.

या ब्रेकचे रबर रिमला बाजूनं धरत नाहीत, आतून म्हणजे तारांच्या अंगानं दाबतात. म्हणून रिमचा आकार जुन्यासारखाच पाहिजे. नाहीतर चाक बसेल, पण उतारावर ब्रेक लागणार नाही.

हब चांगला असेल तर तोच ठेवावा. छर्रे नवे घालावेत, ग्रीस भरावं. पैसे तिथंच वाचतात. शेवटी सायकलवाले काका तारा आवळून चाकाचा आऊट काढतात. ते काम घरी जमत नाही.