मल्लांचा पदन्यास

पदन्यास हा शब्द आपण नृत्यासाठी राखून ठेवला आहे. शंभर किलोंहून अधिक वजनाच्या धिप्पाड गड्यासाठी तो योजला तर वाचक हसेल, पण अमेरिकन फुटबॉलच्या ज्या प्रशिक्षकाला डाव कडेने न्यायचा असतो, त्याचे निम्मे आयुष्य अशा गड्यांना पाऊल कोठे टाकावे हे शिकविण्यातच खर्ची पडते. चेंडू बाळगणाऱ्या संघाच्या अग्रभागी, मध्ये सेंटर, त्याच्या दोहों बाजूंस गार्ड आणि त्यांच्यापलीकडे टॅकल अशी पाच जणांची फळी तैनात असते. चेंडूवर त्यांचा हक्क नाममात्र, काम एवढेच की मागून येणाऱ्यास वाट करून द्यावी.

1959 साली ग्रीन बे पॅकर्स संघाची सूत्रे घेणारे व्हिन्स लोम्बार्डी विद्यार्थिदशेत स्वतः गार्ड होते. 'स्वीप' नामक एकाच डावाचा त्यांनी असा ध्यास घेतला की एकदा ते त्यावर आठ तास बोलले, असे प्रशिक्षक जॉन मॅडन सांगत. या डावात दोन्ही गार्ड जागा सोडून, मराठी फौजेतील बिनीवाल्यांप्रमाणे, धावणाऱ्याच्या पुढे कडेकडे दौडतात. उजवीकडे जावयाचे असता उजवे पाऊल आखूड व किंचित मागे टाकावयाचे, चवडा जायच्या दिशेस वळवावयाचा, त्याच बाजूचा कोपर झटक्याने मागे खेचावयाचा, म्हणजे कंबर आपोआप वळते, आणि मग डावे पाऊल त्यावरून ओलांडून धाव घ्यावयाची. पाऊल मागे का, तर शेजारच्या टॅकलच्या पायांत पाय अडकू नयेत म्हणून. नवखा गडी प्रथम ताठ उभा राहतो, अगर डावा पाय जागच्या जागी आपटून घेतो, आणि तेवढ्यात मागचा त्याच्या पाठीवर आदळतो. याहून सूक्ष्म चूक पवित्र्याची: धावण्याच्या विचाराने जमिनीवर टेकलेल्या हातावरचा भार जरा हलका झाला, की समोरचा मुरब्बी प्रतिस्पर्धी डाव ताडतो.

गार्डने सोडलेल्या जागेचा बंदोबस्त सेंटरकडे. पुढचा गार्ड कडेच्या रक्षकाला अंगावर घेतो. मागचा धावता धावता पाहतो की आपला टाइट एंड, म्हणजे फळीच्या टोकाशी टॅकलशेजारी उभा राहणारा गडी, समोरच्यास कोणीकडे रेटतो आहे. आत रेटले तर बाहेरून वळावयाचे, बाहेर रेटले तर आतून. आणि हा निर्णय पायांनीच घ्यावयाचा, कारण डोक्याने घेतला तर उशीर होतो. या खेळातली खरी अक्कल मला येथे दिसते.

1961 ते 1967 या सात वर्षांत पॅकर्स पाच वेळा अजिंक्य ठरले. या डावात चेंडू घेऊन धावणारे जिम टेलर 1976 मध्ये आणि पॉल हॉर्नंग 1986 मध्ये या खेळाच्या सन्मानदालनात, हॉल ऑफ फेममध्ये, पोहोचले. उजवे गार्ड जेरी क्रेमर यांस त्यासाठी 2018 पर्यंत थांबावे लागले, आणि डावे गार्ड फझी थर्स्टन यांना तो मान मिळालाच नाही.