दोन मिनिटांच्या प्रवाहासाठी

‘फायनल फँटसी १४’ या ऑनलाइन खेळात बहुतेक लोक राक्षसांशी लढायला जातात. मी जाते मासे धरायला. शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते, संध्याकाळी वह्या तपासते आणि जमेल त्या रात्री साडेनऊला लिम्सा लोमिन्सा नावाच्या बंदरातून बोट पकडते. माझा भाचा जर्मनीत असतो. त्याच्याकडे तेव्हा उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, हिवाळ्यात पाच. “मावशी, आज येतेस ना?” एवढा त्याचा निरोप आला की मी वह्या बाजूला ठेवते. या बोटीवर चांगले गुण कसे मिळवायचे हे मला बरेच जण विचारतात, आमच्या शाळेतली मुलंही विचारतात. म्हणून एकदा नीट लिहायचं ठरवलं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीने तो २०१० मध्ये काढला. तो लोकांना आवडला नाही, २०१२ च्या अखेरीस बंद करावा लागला. नाओकी योशिदा यांच्या देखरेखीखाली त्याची पुन्हा बांधणी झाली आणि ऑगस्ट २०१३ मध्ये तो नव्या रूपात आला. जगभरातले लोक त्यात एकाच वेळी वावरतात. तलवारबाज, वैद्य, सुतार, स्वयंपाकी, असा कुठलाही पेशा घेता येतो आणि त्यातलाच एक कोळ्याचा. नदीकाठी एकट्याने गळ टाकून बसणं सुरुवातीपासून होतंच. फेब्रुवारी २०२० मध्ये मात्र समुद्रावरची सामूहिक मासेमारी आली आणि या पेशाचं रूपच पालटलं.

‘एंडेव्हर’ नावाच्या बोटीवर जास्तीत जास्त २४ जण चढतात. बोट दर दोन तासांनी सुटते. समुद्रात तीन ठिकाणी थांबते, प्रत्येक ठिकाणी ७ मिनिटं. म्हणजे गळ टाकायला एकूण २१ मिनिटं मिळतात. प्रत्येक माशाला ठरलेले गुण असतात, शेवटी सगळ्यांची बेरीज पडद्यावर येते आणि त्या गुणांच्या हिशोबात कोळ्याची पातळी वाढते. पहिल्या पातळीचा नवखाही चढू शकतो. जुने खेळाडू पातळी वाढवायला नदीकाठ सोडून याच बोटीवर येतात, कारण एवढ्या वेळात एवढा लाभ दुसरीकडे मिळत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या २१ मिनिटांत सगळी मिनिटं सारख्या मोलाची नसतात. प्रत्येक थांब्यावर एक खास मासा असतो. बोटीवरच्या कुणा एकाच्याही गळाला तो लागला की ‘स्पेक्ट्रल करंट’ सुरू होतो. आपण त्याला प्रवाह म्हणू. संगीत बदलतं, समुद्रावर रंगीत उजेड पसरतो आणि पाण्यात एकदम वेगळे मासे येतात. साध्या पाण्यातल्या माशांपेक्षा त्यांचे गुण कितीतरी जास्त. हा प्रवाह एरवी २ मिनिटं टिकतो. तीन थांब्यांवर तीनदा लागला तर झाली ६ मिनिटं. चांगली बेरीज करणाऱ्या माणसाचे बहुतेक गुण या ६ मिनिटांतले असतात. बाकीची १५ मिनिटं त्यांच्या तयारीची. एवढं एक ज्याला उमगलं त्याचे गुण पुढच्याच फेरीत वाढतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तयारीचा पहिला भाग आमिषाचा. बोटीवर विक्रेता असतो, त्याच्याकडे तीन आमिषं मिळतात: रॅगवर्म, क्रिल आणि प्लम्प वर्म. कुठल्या पाण्यात प्रवाहाचा मासा कशाला लागतो हे ठरलेलं आहे. गॅलेडियनच्या उपसागरात प्लम्प वर्म लावायचा. मर्लथॉरच्या दक्षिण सामुद्रधुनीत क्रिल, उत्तर सामुद्रधुनीत रॅगवर्म. रोटानो समुद्रात पुन्हा प्लम्प वर्म. ही यादी दोन दिवसांत पाठ होते. तरीही बोटीवर अर्धेअधिक लोक हाताला येईल ते आमिष लावून बसलेले दिसतात, कारण मासे कुठल्याही आमिषाला लागतातच आणि आपलं काही चुकतंय असं वाटत नाही.

इथे मला माझा विषय आठवल्याशिवाय राहत नाही. समजा, योग्य आमिष लावून टाकलेल्या एका गळाला प्रवाहाचा मासा लागण्याची शक्यता ५ टक्के आहे. हा आकडा मी केवळ उदाहरणासाठी घेतलाय, खेळातला खरा आकडा म्हणून नव्हे. बोटीवरच्या २४ पैकी ८ जणांनीच ते आमिष लावलं, तर सगळ्यांनी एकेकदा गळ टाकल्यावर प्रवाह लागण्याची शक्यता येते साधारण ३४ टक्के. चोवीसही जणांनी लावलं तर तीच जाते ७१ टक्क्यांवर. एका फेकीत एवढा फरक. आणि हे सगळं ७ मिनिटांच्या आत घडायला हवं; फार उशिरा लागलेला प्रवाह थांबा संपताच तुटतो. शक्यतांचं हे गणित मी दहावीच्या वर्गात याच बोटीचं उदाहरण देऊन शिकवते. शेवटच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

म्हणून प्रत्येक थांब्यावर पोहोचताच मी सगळ्यांना दिसेल असं आमिषाचं नाव लिहिते. नुसतं ‘क्रिल’. बोटीवर कोण कुठल्या देशाचा आहे हे कळायला मार्ग नसतो, पण आमिषाचं नाव कळतं. दोघं-तिघं लगेच बदलतात, मग आणखी काही. कुणी तरी एक ‘थँक्यू’ लिहितं आणि पुन्हा सगळे पाण्याकडे बघायला लागतात.

एखाद्या थांब्यावर प्रवाह लागलाच नाही तर निराश होऊन बोट सोडणारे असतात. त्यांनी थांबावं. हुकलेला वेळ पूर्ण वाया जात नाही, पुढच्या थांब्यावरचा प्रवाह लांबतो, ३ मिनिटांपर्यंत जातो. पहिला थांबा कोरडा गेलेल्या फेऱ्यांतही मी चांगली बेरीज झालेली पाहिली आहे.

तयारीचा दुसरा भाग जीपीचा, आणि माझ्या मते गुणांचा खरा फरक इथेच पडतो. जीपी म्हणजे कोळ्याच्या अंगातली शक्ती. ती हळूहळू भरते आणि प्रत्येक कौशल्य वापरताना खर्च होते. ‘डबल हुक’ला ४०० जीपी लागतात आणि एकाच ओढीत दोन किंवा अधिक मासे येतात. वरच्या पातळीवर ‘ट्रिपल हुक’ मिळतो, त्याला ७००. ‘आयडेंटिकल कास्ट’ ३५० जीपीत आत्ता धरलेलाच मासा पुढच्या फेकीत पुन्हा मिळण्याची शक्यता वाढवतं. ‘सरफेस स्लॅप’ २०० जीपीत उलटं काम करतं: नको असलेला मासा पुढच्या फेकीत येत नाही. ‘चम’ टाकलं तर १०० जीपीत मासा लागायचा वेळ निम्मा होतो.

यादी मोठी दिसते म्हणून नवखे लोक सगळंच वापरून बघतात आणि प्रवाह लागतो तेव्हा त्यांचा जीपी रिकामा असतो. परीक्षेत जसं मोठ्या गुणांच्या प्रश्नासाठी वेळ राखून ठेवायला सांगतो, तसंच इथे. साध्या पाण्यात जीपी खर्च करायचा नाही. फक्त भांडं काठोकाठ भरलं असेल आणि पुढे भरलेलं सांडूनच जाणार असेल, तेव्हा थोडं ‘चम’ टाकावं. त्याने फेकी वाढतात आणि प्रवाहाचा मासा लवकर सापडायची शक्यताही वाढते. ‘हाय-कॉर्डियल’ नावाचं पेय ४०० जीपी भरून देतं. ते मी प्रवाह सुरू झाल्यावर, पहिला मोठा खर्च झाला की लगेच पिते. एकदा प्यायल्यावर पुढचं प्यायला थांबावं लागतं, त्यामुळे घोटाची वेळ साधणं महत्त्वाचं. याशिवाय मासे धरता धरता काही कौशल्यांमुळे साठणारे तीन गुणक खर्च करून ‘थॅलियाक्स फेव्हर’ने १५० जीपी परत मिळवता येतो. नवखे लोक हे बटण विसरतात. मी ते बोटाखालीच ठेवलं आहे.

आता प्रवाहातली ती दोन मिनिटं जवळून पाहू. बोट मर्लथॉरच्या दक्षिण सामुद्रधुनीत आहे, मी क्रिल लावून बसले आहे. कठड्यापलीकडे पाणी संथ. दोरी ताठ होते, डोक्यावर उद्गारचिन्ह येतं. एक चिन्ह म्हणजे हलकी ओढ, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे जोराची. या तिन्ही ओढींचा आवाज वेगळा असतो आणि काही दिवसांनी कान डोळ्यांच्या आधी ओळखतात. माझ्या गळाला साधा मासा येतो. तेवढ्यात पलीकडच्या कुणाला तरी प्रवाहाचा मासा लागतो आणि आभाळ-पाणी रंगून जातं. माझा गळ त्या क्षणी पाण्यात असेल तर मी तो तसाच ठेवत नाही. आवरते, आमिष बदलायचं असेल तर बदलते आणि पुन्हा टाकते. त्या दोन सेकंदांचा लोभ ठेवून लोक पहिली फेक जुन्याच आमिषावर घालवतात.

मग ओढ येते. हलकी असेल तर साध्या हाताने ओढून घ्यायची. प्रत्येक पाण्यात, प्रत्येक प्रहरी मोठ्या गुणांचा मासा ठरलेल्या ओढीने लागतो. ती ओढ आली तरच ‘डबल हुक’ दाबायचा. मोठा मासा हातात आला की लगेच ‘आयडेंटिकल कास्ट’, आणि तोच मासा पुन्हा आला की पुन्हा ‘डबल हुक’. या जोडीचा खर्च ३५० अधिक ४००, म्हणजे ७५० जीपी. म्हणूनच प्रवाहात शिरताना भांडं भरलेलं हवं. भाच्याची पातळी माझ्याहून वरची, तो ‘ट्रिपल हुक’ वापरतो. पण मी त्याला अनेकदा मागे टाकते, कारण तो प्रत्येक ओढीला हात उचलतो.

प्रहराचं तंत्र थोडं गुंतागुंतीचं आहे, पण समजून घेण्यासारखं. खेळातल्या समुद्रावर दिवस, सूर्यास्त आणि रात्र असे तीन प्रहर असतात आणि प्रत्येक थांब्याला पुढचा प्रहर येतो. फलकावर जो प्रहर लिहिलेला असतो तो शेवटच्या थांब्याचा. रोटानोची सूर्यास्ताची फेरी असेल तर उलट मोजायचं: आधीच्या दक्षिण सामुद्रधुनीत दिवस आणि सुरुवातीच्या गॅलेडियनमध्ये रात्र. हे ज्याला मोजता येतं तो चढण्याआधीच ठरवू शकतो की कुठे काय लावायचं.

काही लोक गुणांपेक्षा दुर्मीळ माशांच्या मागे असतात. गॅलेडियनमध्ये रात्रीच्या प्रवाहात ‘सोथिस’ नावाचा मासा मिळतो. त्यासाठी आधी ‘हेवन्सकी’ दोन आणि ‘नॅव्हिगेटर्स प्रिंट’ एक धरावा लागतो, मग ‘ग्लोवर्म’ लावायचा. ग्लोवर्म बोटीवर विकत मिळत नाही, घरून न्यावा लागतो. साधला तर गुण भरपूर, पण बहुतेक वेळा त्या तीन माशांची जुळवाजुळव करण्यातच दोन मिनिटं संपतात. पहिल्या काही महिन्यांत त्याच्या नादी लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ओळखीचा मोठा मासा पुन्हा पुन्हा धरणाऱ्याची बेरीज जास्त होते.

मला या बोटीची ओढ वाटते त्याचं कारण गुणांहून मोठं आहे. इथे दुसऱ्याच्या गळाला लागलेला मासा माझेही गुण वाढवतो. एकट्याने कितीही तयारी केली तरी प्रवाहच लागला नाही तर बेरीज तुटपुंजीच राहते. शार्क मासे धरण्याचा एक किताब आहे, तोसुद्धा अख्ख्या बोटीने मिळून धरलेल्या माशांच्या संख्येवर मिळतो. ज्यांची नावं मला ठाऊक नाहीत अशा तेवीस जणांच्या यशात माझा वाटा असतो आणि माझ्या यशात त्यांचा. मुलांना हे मी सांगते तेव्हा मनापासून सांगते. घरी मोबाइलवर खेळणाऱ्या मुलाला ‘खेळ बंद कर’ म्हणण्याआधी पालकांनी तो नेमकं काय खेळतो आणि त्यात कुणाला मदत करतो, हे एकदा शेजारी बसून बघावं, असंही मला वाटतं.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी: या खेळाची विनामूल्य आवृत्ती आहे, तिच्यात ७० व्या पातळीपर्यंत वेळेचं बंधन नाही. लिम्सा लोमिन्सात कोळ्यांची संघटना आहे, तिथे जाऊन पेशा घ्या आणि मग धक्क्यावर ड्रिस्कथोटा नावाच्या बाईंकडे नाव नोंदवा. तिन्ही आमिषं भरपूर घ्या. थांब्यावर पोहोचलात की योग्य आमिष लावा आणि त्याचं नाव सगळ्यांना दिसेल असं लिहा. आधी कुणी लिहिलं असेल तरी लिहा. आपल्या घड्याळाप्रमाणे नोंदणी सकाळी साडेपाच, साडेसात, साडेनऊ अशी दर दोन तासांनी उघडते आणि १५ मिनिटांनी बंद होते. रात्रीच्या बोटीला यायचं असेल तर पावणेदहाच्या आत या.