झाडातल्या पाण्याचा ताण

“केळीला पाण्याचा ताण बसला” असे आपण जळगाव-धुळ्याकडे सहज म्हणतो. शेतकरी बंधुभगिनींनो, हा शब्द अगदी खरा आहे.

विहिरीचे पाणी खोल गेले की तुम्ही मोटार खाली उतरवता. पंप पाणी ओढतो असे दिसते, पण ते वर ढकलते बाहेरची हवा. तिचे बळ दहा मीटरपर्यंतच. व्यवहारात सहा-सात धरा. मग तीस मीटर उंच झाडाच्या शेंड्याला पाणी पोचते कसे? पाने उन्हात वाफ सोडतात आणि खोडातल्या बारीक नळ्यांतले पाणी दोरासारखे सलग वर खेचतात. या पाण्यात दाबाऐवजी ओढ असते. शास्त्रज्ञ तिला ऋण दाब म्हणतात. कडक उन्हात कपाशीत ती हवेच्या दाबाच्या दहापटीवर जाते.

ओढ फार झाली की दोर तुटतो आणि आवाज होतो! मिलबर्न आणि जॉन्सन यांनी १९६६ साली एरंडाच्या (हो, आपल्या बांधावरच्याच) सुकत्या पानाच्या देठातले हे टकटक आवाज यंत्राने टिपले.

पण तुटण्याआधी ओढ किती, हे कसे कळावे? जर्मनीत एरलांगेनच्या माक्स प्लांक संस्थेत २०२३ साली त्यासाठी प्रकाश वापरला. केसासारख्या काचतंतूच्या पोकळीत कार्बन डायसल्फाईड हा द्रव भरून तोंडे बंद केली. गार झाल्यावर द्रव आकसू पाहतो, पण जागा तेवढीच, म्हणून त्यात ओढ पडते. आत सोडलेला लेसरचा प्रकाश द्रवातल्या ध्वनिलहरींवरून किंचित बदलून परततो. त्यावरून ध्वनीचा वेग आणि वेगावरून ओढ कळते. तुणतुण्याच्या सुरावरून तारेचा ताण कळावा तसे. फक्त इथे ओढ वाढली की ध्वनी मंदावतो.

ते यंत्र शेतातले नव्हे. आपल्या कामाचा टेन्शिओमीटर: खाली सच्छिद्र मातीची कपी, वर पाण्याची बंद नळी, तिला काट्याचे मीटर. जमीन सुकते तशी ती कपीतून पाणी ओढते, काटा चढतो. मात्र साधारण ८० सेंटिबारपुढे नळीत हवा शिरते आणि काटा शून्याकडे घसरतो. यावल तालुक्यात एका मे महिन्यात मी असाच फसलो. काटा खाली पाहून जमीन ओली आहे असे समजलो आणि बागायतदाराला पाण्याची पाळी लांबवायला सांगितली. तिसऱ्या दिवशी केळीची पाने सकाळीच मिटलेली. तो काही बोलला नाही. नळीतल्या हवेकडे नुसते बोट दाखवले.

म्हणून काटा पडलेला दिसला तर आधी नळीत पाणी आहे का ते पाहा, कपीजवळची माती मुठीत दाबून पाहा. नळी पुन्हा भरताना उकळून गार केलेलेच पाणी घाला. साध्या पाण्यात हवा विरघळलेली असते.