देवासाठी वेळ कुठून आणायचा?

सौंदड हे गाव गोंदिया जिल्ह्यात, सडक अर्जुनी तालुक्यात आहे. गावावरून मोठा महामार्ग जातो. गोंदिया-बल्लारशा रेल्वेचे स्टेशनही आहे. आसपास सगळी धानाची शेती. पाऊस लागला की कोणाला उसंत नसते. चिखल करा, पऱ्हे उपटा, रोवणा करा. बाया पहाटेच उठतात. झाडलोट, पाणी, स्वयंपाक आटोपतात आणि बांधीत उतरतात. दिवसभर कंबर वाकलेली. सांजेला घरी आल्या की पुन्हा चूल आहेच.

अशा वेळी एखादी बाई म्हणते, "पोथी वाचणारे वाचोत, वारीला जाणारे जावोत. आम्हाला कुठली सवड? आमच्या नशिबी देव नाही."

हे बोलणे खरे आहे काय? आपण जरा विचार करू.

आपले संत कोण होते? बरेचसे आपल्यासारखेच कामकरी होते. गोरोबा मडकी घडवीत. सेना महाराज हजामत करीत. नरहरी महाराज सोनारकाम करीत. सावता महाराज सोलापूर जिल्ह्यातल्या अरण गावचे माळी. त्यांचा मळा हीच त्यांची पंढरी. ते पंढरपूरला गेले नाहीत, असे लोक सांगतात. मळ्यातल्या भाजीपाल्यात त्यांना विठ्ठल दिसे. ते 1295 साली वारले. आजही त्यांच्या उत्सवाला पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी अरणला येते. भक्त देवाकडे गेला नाही, म्हणून देव भक्ताकडे येतो!

चोखोबा मंगळवेढ्याचे. त्यांना लोक देवळात पाऊल ठेवू देत नसत. हा मोठा अन्याय होता. पण देवळाचे दार बंद झाले, म्हणून त्यांची भक्ती थांबली नाही. ते अभंग रचीत राहिले. 1338 साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू होते. ते कूस कोसळले आणि त्याखाली चोखोबा गेले. मरतानाही ते कामावरच होते.

या लोकांना जास्तीचा वेळ मिळाला होता काय? नाही. त्यांचा दिवस आपल्याएवढाच होता. मग त्यांनी काय केले?

पहिली गोष्ट, हातातल्या कामात मन ठेवले. आपले हात एकीकडे असतात आणि मन दुसरीकडे. रोवताना कर्जाची चिंता, जेवताना भांडणाची आठवण. मन असे भटकले की माणूस दुप्पट थकतो. रोवताना बाया गाणे म्हणतात, तेव्हा पाहा. सगळ्यांचे हात एका ठेक्यात चालतात. मन तिथेच राहते. काम तेवढेच असते, पण ओझे हलके वाटते.

दुसरी गोष्ट, इमान राखले. माप खरे, शब्द खरा, तर काम देवाला पोचले. दिवसभर जप करून धानाच्या मापात मारले, तर तो जप फुकट.

तिसरी गोष्ट, दुसऱ्याची आठवण ठेवली. आपण रोवलेले धान कोणाच्या तरी पोरांच्या ताटात जाणार आहे. हे मनात आले की चिखलातले कामही मोठे वाटते.

पण इथे एक सावधगिरी हवी. "काम हीच पूजा" असे म्हणून कोणी मजुरी कमी देईल. तसे चालणार नाही. पूजा आपल्या जागी आणि मजुरी आपल्या जागी. घरातही तसेच. जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करीत. विठ्ठल स्वतः त्यांच्याबरोबर जाते ओढू लागला, अशी कथा आहे. देवाला जाते ओढायची लाज वाटली नाही. मग घरच्या पुरुषाला पाण्याची घागर उचलायची लाज का वाटावी? बाईचा भार वाटून घेणे हीदेखील भक्तीच आहे.

आपल्या विदर्भात हाच विचार दोघांनी गावोगावी नेला. गाडगेबाबा दिवसा खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तन करीत. 1956 साली ते वारले. तुकडोजी महाराज खंजिरी वाजवून भजने म्हणत. त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला. 41 अध्यायांची ग्रामगीता लिहिली. गाव हेच देऊळ समजा, ते स्वच्छ ठेवा, असे त्यांनी शिकवले. सगळ्या जातिधर्मांच्या लोकांनी सांजेला एकत्र बसावे, म्हणून त्यांनी सामुदायिक प्रार्थना सुरू केली. 1968 साली महाराज गेले. पण ती प्रार्थना अनेक गावांत अजून होते.

आपणही थोडक्यात सुरुवात करू. सकाळी अंथरुणातून उठल्यावर लगेच धावू नये. घटकाभर शांत बसावे. आपला श्वास येतो-जातो, तो पाहावा. कोणी विठ्ठलाचे नाव घेईल, कोणी बुद्धवंदना म्हणेल, कोणी अल्लाला आठवेल, कोणी बडादेवाला हात जोडेल. मग कामाला लागावे. जेवताना पहिला घास घेण्याआधी तो पिकवणाऱ्याची आठवण करावी. रात्री निजताना मनाला विचारावे, "आज मी कोणाला दुखवले काय? कोणाच्या उपयोगी पडलो काय?"

याला पैसा लागत नाही. वेळही फारसा लागत नाही. "आमच्या नशिबी देव नाही" असे म्हणणाऱ्या बाईला एवढेच सांगावे, "माय, तू बांधीत उतरतेस, तेव्हा देव तुझ्याबरोबर चिखलातच उभा असतो."