परंड्याच्या तोफेवरचा हत्ती कोण? चिन्हांचा अर्थ असा लावतात

विजापूरच्या बुरुजावरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ १६३२ पर्यंत परंड्याच्या किल्ल्यात होती. तिचं तोंड म्हणजे जबडा वासलेला सिंहासारखा प्राणी. त्याच्या दातांत हत्ती चिरडलेला दिसतो. हा हत्ती म्हणजे हरलेला शत्रू, असं चटकन वाटतं. पण ते ठरवायचं कसं?

याची पद्धत एर्विन पॅनॉफ्स्की यांच्या ‘स्टडीज इन आयकॉनॉलॉजी’ (१९३९) या पुस्तकात सापडते. पॅनॉफ्स्की हॅम्बुर्गला कलेचा इतिहास शिकवत. ते ज्यू असल्यानं नाझी राजवटीत, १९३३ मध्ये त्यांची नोकरी गेली आणि ते अमेरिकेत स्थायिक झाले. पुस्तक युरोपातल्या प्रबोधनकाळातल्या कलेवर आहे.

तीन पायऱ्या कोणत्या?

पहिली, जे दिसतं ते नोंदवणं. दुसरी, त्यामागची कथा किंवा संकेत ओळखणं. तिसरी, त्या काळाची श्रद्धा आणि विचार त्यातून कसे व्यक्त होतात हे शोधणं.

प्रत्येक पायरीवर पडताळणी हवी. पॅनॉफ्स्की एका चित्राचं उदाहरण देतात. त्यात एका स्त्रीच्या हाती तलवार आहे आणि तबकात पुरुषाचं शिर. बायबलमध्ये तबक सॅलोमेच्या कथेत येतं, तर तलवार ज्युडिथच्या. मग ही कोण? त्यांनी इतर चित्रं तपासली. तबक घेतलेल्या ज्युडिथ सापडल्या, तलवार घेतलेली सॅलोमे मात्र सापडली नाही. म्हणून ही ज्युडिथ.

तोफेला हे लावलं तर?

हत्तीवर मात करणारा सिंह किंवा शरभ दख्खनच्या जुन्या मंदिरांवर आणि वेगवेगळ्या राजवटींच्या किल्ल्यांच्या दरवाजांवरही दिसतो. त्यामुळे तोफेवरचा हत्ती म्हणजे अमुक एक राजा, असं केवळ आकृतीवरून म्हणता येत नाही. ती बळाची खूण आहे, एवढंच खात्रीनं सांगता येतं.

पुढचं काम तोफेवरचे लेख करतात. १५४९ च्या लेखात बुऱ्हाण निजामशहा स्वतःला पैगंबरांच्या घराण्याचा सेवक म्हणवतो. त्यानं शिया पंथ स्वीकारला होता, हे माहीत असलं की या शब्दांचं वजन कळतं. १६८६ मध्ये विजापूर जिंकल्यावर औरंगजेबानं त्याच तोफेवर स्वतःच्या विजयाचा लेख कोरवला.

हत्ती तोच राहिला, पण तोफ आता दुसऱ्याच्या विजयाची खूण झाली. म्हणून किल्ल्यावरच्या एखाद्या शिल्पाचा अर्थ कुणी ठामपणे सांगितला, तर आधी विचारावं: असं शिल्प आणखी कुठे आहे, आणि ते कुणी कोरवलं?