गाडीचं ॲव्हरेज आणि तुमचा पोहोच भाव

कॉस्टिंगच्या मागच्या व्हिडिओत मी एक वाक्य बोलून गेलो होतो, की गाडीखर्च अंदाजाने धरू नका. त्यावर सगळ्यात जास्त प्रश्न आले. "सर, अंदाजाने नाही तर कशाने धरायचा? कंपनीने २१ चं ॲव्हरेज सांगितलंय, तेच धरतो." म्हणून आज फक्त गाडीवर लिहितोय. घरची गाडी, जी बायकोमुलांसाठी घेतली आणि हळूहळू धंद्यालाही जुंपली गेली.

हिमायतनगरचा आपला एक विद्यार्थी आहे. मिरची कांडप आणि हळद पावडर करतो. घरीच युनिट, आई आणि बायको पॅकिंग सांभाळतात, तो विक्री बघतो. दोन वर्षांपूर्वी त्याने पेट्रोलवर चालणारी एक लहान क्रॉसओव्हर घेतली. कारण साधं होतं. वडिलांचे गुडघे गेलेत, त्यांना नांदेडला डॉक्टरकडे न्यावं लागतं आणि खाली बसकी कार त्यांना चढता-उतरता येत नाही. उंच सीट, मोठी डिकी, खड्ड्यात पोट न घासणारी गाडी. घेतली ते योग्यच केलं.

पण डिकी मोठी दिसली की धंदेवाल्याचा हात शिवशिवतो. मागची सीट पाडली की पाच पोती बसतात, म्हणजे दीडशे किलो माल. नांदेडच्या दुकानदारांना त्याने पोहोच भाव दिला. हिमायतनगर ते नांदेड जाऊन-येऊन त्याच्या मीटरवर साधारण १७० किलोमीटर होतात. हिशोब त्याने वहीत असा मांडला होता: पेट्रोल १०५ रुपये, ॲव्हरेज २१, म्हणजे किलोमीटरला ५ रुपये. फेरीला ८५० रुपये. दीडशे किलोवर वाटले की किलोमागे ५ रुपये ६७ पैसे. नीटनेटकं, आणि साफ चुकलेलं.

मी त्याला एकच विचारलं, "हे २१ तू मोजलंस का?" म्हणाला, "सर, कंपनीनेच लिहिलंय की. आणि स्क्रीनवर १७.४ दिसतं, पण ती स्क्रीन गावातलं पण धरते ना."

आधी कंपनीच्या आकड्याबद्दल बोलू, कारण लोक एकतर त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात, नाहीतर कंपनीला खोटारडं म्हणून मोकळे होतात. दोन्ही चूक. पुण्यात एआरएआय नावाची संस्था आहे, १९६६ पासूनची. ब्रोशरमध्ये जे मायलेज छापतात ते अशा मान्यताप्राप्त चाचणीतलं असतं. गाडी रस्त्यावर नसते, रोलरवर उभी असते. चाकं फिरतात, गाडी जागेवरच. ठरलेल्या क्रमाने वेग वाढवायचा, कमी करायचा, थांबायचं. हा सगळा खेळ साधारण २० मिनिटांचा आणि साडेदहा-अकरा किलोमीटरचा. सरासरी वेग ताशी तीस-बत्तीसच्या आसपास, आणि जास्तीत जास्त ९०. एसी बंद. समोरून वारा नाही, चढ नाही, डिकीत हळदीची पोती नाहीत, मागे बसून "काच लाव, ऊन लागतंय" म्हणणारी आत्या नाही.

मग हा आकडा कशासाठी? गाडी गाडीशी तोलायला. सगळ्यांना एकच फूटपट्टी लावलेली असते. फ्रॉन्क्सच्या १.२ पेट्रोल मॅन्युअलला कंपनी २१.७९ सांगते, ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडला २७.९७. म्हणजे दुसरी पहिलीपेक्षा कमी पिते, एवढं त्यातून कळतं. तुमच्या रस्त्यावर, तुमच्या पायाखाली ती किती पिणार, हे त्यातून कळत नाही. ते तुम्हालाच मोजावं लागतं.

आता मोजायचं कसं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण शंभरातले नव्वद जण इथेच घोटाळा करतात.

आपल्याकडे पेट्रोल कसं भरतात? "पाचशेचं टाक." "हजारचं टाक." पैशात भरणाऱ्या माणसाला ॲव्हरेज कधीच कळत नाही, कारण टाकीत आधी किती होतं हे त्याला माहीत नसतं. त्यामुळे मोजायचं असेल तेवढे दिवस टाकी फुल करायची. नळी पहिल्यांदा टक् करून थांबली की तिथेच थांबायचं. पंपावरचा पोरगा हमखास विचारेल, "राऊंड फिगर करू का?" नाही म्हणायचं. तो वरून जे पाव-अर्धा लिटर कोंबतो, तेच तुमचा हिशोब बिघडवतं. ट्रिप मीटर शून्य करायचं. मग गाडी नेहमीसारखी चालवायची. मुद्दाम हळू नाही, कुणाला दाखवायला नाही. निदान साडेतीनशे-चारशे किलोमीटर झाले की शक्यतो त्याच पंपावर, त्याच नळीवर परत पहिल्या टक्-पर्यंत भरायची. जेवढे लिटर बसले, तेवढे तुम्ही जाळले. किलोमीटर भागिले लिटर.

एकदा मोजून थांबायचं नाही. तीनदा मोजा. आपल्या या विद्यार्थ्याचे तीन आकडे असे आले. पहिल्या वेळी ४१२ किलोमीटरला २५.१ लिटर. दुसऱ्या वेळी ४३४ ला २७.६. तिसऱ्या वेळी ३९१ ला २६.१. बेरीज केली तर १,२३७ किलोमीटर आणि ७८.८ लिटर. ॲव्हरेज १५.७.

(तीन वेगवेगळी ॲव्हरेज काढून त्यांची सरासरी काढू नका. सगळे किलोमीटर एकत्र, सगळे लिटर एकत्र, मग भागाकार. दहावीचं गणित आहे, पण मी भल्याभल्यांना चुकताना पाहिलंय.)

कंपनी २१, स्क्रीन १७.४, आणि खिसा १५.७.

स्क्रीनवाल्या आकड्याचं सांगतो. गाडीचा कॉम्प्युटर इंजिनात किती इंधन सोडलं याचा आपला हिशोब लावून तो आकडा दाखवतो. बऱ्याच गाड्यांत तो थोडा खुशीतच असतो. शिवाय ह्याने तो शेवटचा रीसेट केला होता मोकळ्या हायवेला. चांगला दिसला, मग परत हात लावला नाही. माणूस आहे.

आता तिसऱ्या टाकीला एवढं कमी का आलं? ते एप्रिलचे दिवस होते. दोन लग्नं, गाडीत पाच माणसं, एसी फुल. मराठवाड्याच्या उन्हात तापलेली गाडी थंड करायलाच एसी पहिली दहा मिनिटं जोर लावतो. आणि मधे मधे गावातल्या फेऱ्या: घर ते बाजार, बाजार ते शाळा, शाळा ते परमेश्वर मंदिर. दोन-दोन किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरतं गरम व्हायच्या आत बंद होतं, आणि थंड इंजिन जास्त पितं. आमच्याकडे लोक म्हणतात गाडी हायवेला पेट्रोल खाते. खरं तर ती गावातल्या किरकोळ फेऱ्यांत जास्त खाते, फक्त तिथे किलोमीटर कमी म्हणून दिसत नाही.

पेट्रोलही आता बदललंय. पंपावर मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अंदाज दिलेला आहे, की ज्या जुन्या चारचाकी ई-१० साठी जुळवलेल्या आहेत त्यांचं ॲव्हरेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, आणि ई-२० साठीच जुळवलेल्या गाड्यांचं १ ते २ टक्के. तुमची गाडी कुठल्या गटातली, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. जुनी सेकंडहँड क्रॉसओव्हर घ्यायच्या विचारात असाल तर हे आधी बघा, रंग नंतर.

आता त्या वहीकडे परत येऊ. ॲव्हरेज १५.७ धरलं की १०५ च्या पेट्रोलला किलोमीटर पडतो ६ रुपये ६९ पैशांना. नांदेडची फेरी १,१३७ रुपयांची. म्हणजे प्रत्येक फेरीला २८७ रुपये घरून जात होते. तो महिन्याला आठ फेऱ्या करायचा. वर्षाचे साडेसत्तावीस हजार. ह्या पैशात पॅकिंगचं एक छोटं सीलिंग मशीन आलं असतं, आणि तो माझ्याकडे मशीनसाठी कर्ज कुठून घेऊ विचारायला आला होता!

हे झालं नुसतं पेट्रोल. टायर झिजतात, सर्व्हिसिंग लागतं. त्याच्याच बिलांवरून काढलं: चार टायर २४ हजारांचे, चाळीस हजार किलोमीटर चालतील असं धरलं तर किलोमीटरला ६० पैसे. दर दहा हजारांना आठ हजारांचं सर्व्हिसिंग, म्हणजे ८० पैसे. एकूण किलोमीटरला ८ रुपये ९ पैसे. आता फेरी १,३७५ ला गेली आणि किलोमागे भाडं ९ रुपये १७ पैसे. भावात त्याने लावले होते ५ रुपये ६७. किलोला साडेतीन रुपये तो दुकानदाराला फुकट देत होता, आणि किलोमागे त्याला सुटत होते बारा रुपये, तेही त्याच्या मते. गाडीची घसरती किंमत आणि ड्रायव्हिंगला गेलेला त्याचा अख्खा दिवस मी अजून धरलेलाच नाही. धरलं असतं तर तो त्या दिवशी जेवला नसता.

हे बघून तो म्हणाला, "मग गाडी सुधारतो, सर." ठीक आहे, म्हटलं, करून बघ. टायरमध्ये हवा २६ होती, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर ३३ लिहिलेलं. कुणी वाचतच नाही तो स्टिकर. टपावरचं कॅरियर रिकामंच वारा खात फिरत होतं, ते उतरवलं. आणि भोकर सोडलं की तो ९५-१०० ला जायचा, ते ७५-८० वर आणलं. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि क्रॉसओव्हर म्हणजे उंच, रुंद छातीची गाडी. १०० च्या वेगाला वारा ८० पेक्षा दीडपटीहून जास्त ढकलतो. पुढच्या टाकीला ॲव्हरेज आलं १७.८. यातलं हवेमुळे किती, कॅरियरमुळे किती आणि पायामुळे किती, ते सांगता येणार नाही, कारण तिन्ही एकदमच बदललं. पोहोचायला दहा-बारा मिनिटं उशीर होतो, एवढाच तोटा.

तरी २१ नाही आले. येणारही नाहीत.

काही जण विचारतील, सीएनजी का नको? ब्रेझा सीएनजीला कंपनी किलोला २५.५१ सांगते. लक्षात ठेवा, ते किलोला आहे, लिटरला नाही. दोघांची तुलना रुपये प्रति किलोमीटर काढूनच करा. पंप तुमच्या रोजच्या वाटेवर आहे का ते बघा, आणि सिलेंडर डिकीत बसल्यावर माल कुठे ठेवणार तेही बघा. हायब्रिडचा खरा फायदा शहरातल्या थांब-चालू ट्रॅफिकमध्ये, कारण ब्रेक लावताना बॅटरी भरते. मोकळ्या रस्त्यावर तेवढा फरक राहत नाही.

पण खरा धक्का बसला वेगळ्याच कागदाने. हिशोबासाठी विम्याचे पैसे धरायचे म्हणून त्याची पॉलिसी मागवली. खासगी कारच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात. भाड्याने चालवायची नाही हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्याच खालची ओळ कुणी वाचत नाही: नमुने आणि स्वतःचं सामान सोडून मालवाहतूक चालत नाही. दीडशे किलो हळद हा नमुना होत नाही. उद्या वाटेत अपघात झाला आणि मागे पोती सापडली, तर क्लेम अडकू शकतो. ज्या गाडीत वडील बसतात, आई बसते, त्या गाडीचा. हे ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही.

मग पोती ट्रान्सपोर्टने पाठवायचं ठरलं. त्याला दर मिळाला पोत्याला ६० रुपये, पाच पोत्यांचे तीनशे, नांदेडात उतरवून दुकानापर्यंत न्यायला रिक्षाचे दोनशे. किलोमागे ३ रुपये ३३ पैसे. ९ रुपये १७ च्या जागी. गणित सोपं, पण अडचण वेगळीच होती. "सर, माल पाठवता येतो, पण तोंड दिसल्याशिवाय उधारी निघत नाही." खरंय. आठ फेऱ्यांतल्या निम्म्या त्या वसुलीसाठीच होत्या. म्हणून आता तो महिन्यातून तीनदा स्वतः जातो, डिकीत फक्त नमुने, आणि जाण्याचा दिवस वडिलांच्या डॉक्टरच्या तारखेशी जुळवतो. त्या तीन फेऱ्यांचा खर्च तो आता वाहतुकीत नाही, वसुलीत धरतो. दोन दुकानदारांना त्याने भाव दीड रुपयाने वाढवून सांगितला. एकाने मान्य केला, दुसऱ्याने तोंड वाकडं केलं आणि ऑर्डर निम्मी केली.

डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही असते. तारीख, मीटर, कुठे गेलो, लिटर. धंद्याचे किलोमीटर आणि घरचे वेगळे, म्हणजे वर्षाअखेर सीएला गाडीखर्चातला धंद्याचा वाटा दाखवता येतो. वही वडील लिहितात. मागच्या आठवड्यात त्याने मला पानाचा फोटो पाठवला. रविवारी सगळे सहस्रकुंडचा धबधबा बघायला गेले होते. म्हाताऱ्याने थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, "सहस्रकुंड, घरचं," आणि शेजारी, "पंपावाला राऊंड करत होता. करू दिलं नाही."