जुन्या सांगाड्यातून नवी मोटार

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे गाव यशवंतराव चव्हाण यांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला परिचित होतेच. परंतु तेथील एक कारागीर दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सुटे भाग जुळवून, आपल्या मुलाच्या हौसेखातर, दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होणारी आणि सुमारे साठ हजार रुपयांत उभी राहिलेली जी छोटी जीप तयार केली, तिचे चलच्चित्र २०२१ सालच्या डिसेंबरात देशभर फिरले आणि उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिच्या मोबदल्यात नवी कोरी बोलेरो देऊ केली, तेव्हा या गावाचे नाव एका अगदी वेगळ्या कारणाने लोकांच्या तोंडी झाले. ही गाडी नियमांच्या चौकटीत बसणारी नाही, हे महिंद्रा यांनी त्याच वेळी स्पष्टपणे नमूद केले होते. कौतुक आणि कायदा यांच्यामधील हे अंतर कसे कमी करता येईल, आणि भंगारातून मोटार उभी करणाऱ्याला पदार्थविज्ञानाचा कोणता हिशेब चुकवता येत नाही, याचा विचार कोल्हापुरात बसून करणे मला विशेष सयुक्तिक वाटते.

जुन्या मोटारीचे कलेवर घेऊन, त्यातील अनावश्यक भार उतरवून, त्यात अधिक दमदार इंजिन बसवावयाचे, ही कला अमेरिकेच्या कॅलिफोर्निया प्रांतात दोन महायुद्धांच्या दरम्यान रूढ झाली, आणि अशा गाडीला तिकडे हॉट रॉड म्हणू लागले. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली बाजारात आली, आणि १९३२ साली त्याच कारखान्याने सर्वसामान्यांच्या खिशाला परवडेल अशा गाडीत आठ सिलिंडरचे ६५ अश्वशक्तीचे इंजिन बसवले; पुढे या गाड्या जुन्या होऊन स्वस्त झाल्या, तेव्हा ज्यांच्या हाती पैसा बेताचाच होता परंतु पाने आणि हातोडी यांच्याशी ज्यांची दोस्ती होती, अशा तरुणांनी त्या विकत घेतल्या, त्यांचे मडगार्ड, छप्पर आणि पायफळ्या काढून टाकल्या, आणि म्युरॉक व एल मिराज येथील कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळांवर त्यांच्या शर्यती लावल्या. १९३७ साली या मंडळींनी आपली संघटना स्थापन केली आणि वेग मोजण्याची शिस्तबद्ध पद्धत लावून दिली. या मोजमापामुळेच त्या छंदाला प्रयोगशाळेचे स्वरूप आले, कारण कोणता फेरफार उपयोगी ठरला आणि कोणता नुसता दिखाऊ, याचा निवाडा घड्याळ करू लागले.

अशी गाडी कोल्हापुरात बनू शकेल काय, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. ज्या नगरीत बाबूराव पेंटर यांनी परदेशी यंत्राची वाट न पाहता चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, ज्या नगरीतील म्हादबा मेस्त्रींसारख्या स्वयंशिक्षित यंत्रज्ञांनी पुढच्या पिढ्यांना लेथ आणि भट्टी यांचे संस्कार दिले, आणि जिच्या शिवाजी उद्यमनगरात आजही मोडक्या गिअरचा एकच दात पाहून संपूर्ण गिअर कापून देणारा माणूस सापडतो, त्या नगरीला हे काम अशक्य म्हणता येणार नाही. दसऱ्याच्या दिवशी संस्थानकालीन मेबॅक मोटार रस्त्यावर येते, तेव्हा तिला पाहण्यासाठी जी गर्दी लोटते, तिच्यात अशा कारागिरांची संख्या थोडी नसते.

परंतु हौशी माणसाची पहिली गफलत होते ती सांगाडा निवडताना. जुन्या फोर्डची चासी ही दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे बांध यांची एक स्वतंत्र शिडी होती. वरचा पत्र्याचा डोलारा उतरवला, तरी खालची गाडी चालू शकत असे. आपल्याकडे भंगारात सहज मिळणारी प्रीमिअर पद्मिनी किंवा ॲम्बॅसेडर यांची गोष्ट निराळी आहे. यांत वेगळी चासी नाही. तळ, दारांखालचे पोकळ उंबरे, खांब आणि छप्पर हे सर्व मिळूनच गाडीचा कणा होतो. म्हणून अमेरिकेतील चित्रे पाहून जो पद्मिनीचे छप्पर गॅस कटरने उडवतो, तो केवळ छप्पर उडवत नाही, तर गाडीचे पीळ सोसण्याचे सामर्थ्यही उडवतो.

या विधानाचा पडताळा वाचकांना घरबसल्या घेता येईल. जाड कागदाची नळी करून तिची कड डिंकाने पक्की चिकटवावी आणि दोन्ही टोके धरून पिळून पाहावे. नंतर तीच नळी एका बाजूने उभी चिरून पुन्हा पिळावी. गणिताने सांगावयाचे तर ४० मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीची पोलादी नळी लांबीच्या दिशेने चिरली, की तिची पिळास विरोध करण्याची ताठरता सुमारे तीनशेपटीने घटते. धातू तेवढाच, वजन तेवढेच, केवळ बंद आकृती उघडी झाली. मोटारीचे एक चाक खड्ड्यात आणि दुसरे उंचवट्यावर असताना सबंध गाडीला असाच पीळ बसतो, आणि सांगाडा ढिला असेल तर दारे लागेनाशी होतात, काचा तडकतात, आणि सुकाणू कितीही नेमके फिरवले तरी चाके भलत्याच कोनात रस्त्याला टेकतात. म्हणून अशा गाडीत प्रथम आतून चौकोनी पोलादी नळ्यांची बंद चौकट बांधावी, ती उंबऱ्यांना आणि खांबांना जोडावी, आणि नंतरच छपराला हात लावावा, हा क्रम अनुल्लंघनीय समजावा.

सांगाडा विकत घेताना त्याचे तेज पाहू नये. एक साधे लोहचुंबक घेऊन ते पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते निसटते, तेथे रंगाखाली पुटीचे जाड थर आहेत असे खुशाल समजावे. दारांखालच्या उंबऱ्यांवर पान्याने हलके ठोकावे; निरोगी पत्रा खणखणीत वाजतो आणि कुजलेला बद्द आवाज देतो. शंका आल्यास स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे, आणि ते आत गेले तर विक्रेत्याचे मन राखण्याच्या भरीस न पडता तेथून निघावे. कोल्हापूरच्या पावसात पोकळ उंबऱ्याच्या तळाला असलेली पाणी निघण्याची भोके चिखलाने बुजतात, पाणी आत साचते, आणि लोखंड, पाणी व प्राणवायू यांच्या संयोगाने एक अदृश्य विद्युत्‌-रासायनिक क्रिया महिनोन् महिने चालू राहते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कित्येक पटींनी मोठे असल्यामुळे तो दोन पत्र्यांच्या सांध्यात साचून ते सांधेच उकलतो. नवा तुकडा जोडतानाही घाई नडते; हा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो, आणि एका दमात लांब वेल्डिंग मारले की उष्णतेने प्रसरण पावून तो लाटेसारखा वाकतो. जाणता मेस्त्री एक ठिपका येथे, दुसरा वीतभर अंतरावर, तिसरा पुन्हा मध्ये, असे करीत आणि मध्येमध्ये पत्रा थंड होऊ देत काम करतो. अशा मेस्त्रीचे काम पाहत बसणे हेही एक शिक्षण आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आता वेगाचा प्रश्न. बहुतेकांची नजर एकदम इंजिनाकडे जाते. परंतु बेताच्या पैशात गाडी बनवणाऱ्याने आधी वजनाकडे पाहावे. पद्मिनीचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, सुमारे ४० अश्वशक्तीचे, आणि गाडीचे वजन ९०० किलोच्या आसपास; म्हणजे दर टनाला सुमारे ४४ अश्वशक्ती पडते. मागची आसने, जड बंपर, अंतर्भागातील अस्तर, डिकीचे झाकण असा सरंजाम कमी करून, नव्या चौकटीचे वजन धरूनही, गाडी ६५० किलोवर आणता आली, तर त्याच इंजिनात दर टनाला ६१ अश्वशक्तीहून अधिक शक्ती हाती येते. मूळ वजनाच्या गाडीला एवढा जोम आणावयाचा, तर ५५ अश्वशक्तीचे इंजिन लागले असते. हा लाभ करवत आणि पाने यांनी मिळतो, आणि त्यात पेट्रोलचाही खर्च वाढत नाही.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे येथील हवा मुंबईच्या हवेपेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी विरळ असते. आणि एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने १४.७ भाग हवा लागत असल्यामुळे, मुंबईत बसवून आणलेला कार्बोरेटर येथे किंचित अधिक पेट्रोल देतो, म्हणून त्याचे जेट येथेच पुन्हा जुळवावे लागते. ब्लॉकचे बोअरिंग, हेडची पातळी, व्हॉल्व्हच्या बैठका ही कामे उद्यमनगराला नवी नाहीत. आणि एखादे ब्रॅकेट किंवा मॅनिफोल्ड बाजारात मिळत नसेल, तर शिरोली अथवा गोकुळ शिरगावच्या फाऊंड्रीतून ते ओतूनही घेता येते. मात्र साचा पाडण्यासाठी लागणारा पॅटर्न मूळ वस्तूपेक्षा सुमारे एक टक्का मोठा करावा लागतो, कारण राखाडी बिडाचा रस साच्यात थिजून थंड होताना तेवढा आकसतो. आणि हा एक टक्का विसरला, तर नटबोल्टांची भोके एकमेकांसमोर येत नाहीत.

सर्वांत अधिक विस्ताराने लिहावे असा विषय ब्रेकचा आहे, आणि याबाबत मी कोणतीही सवलत मान्य करणार नाही. ९०० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावते, तेव्हा तिच्या ठायी सव्वा लाख जूल गतिज ऊर्जा असते. वेग दुप्पट केला, की ही ऊर्जा दुप्पट न होता चौपट, म्हणजे पाच लाख जूल होते. गाडी थांबवणे याचा अर्थ ही सर्व ऊर्जा काही सेकंदांत उष्णतेत रूपांतरित करून हवेत सोडणे. जुन्या गाड्यांच्या ड्रम ब्रेकमध्ये ही उष्णता बंद डब्यात कोंडते. ड्रम तापून फुगतो आणि आतल्या शूपासून दूर सरकतो, शूच्या अस्तराचे घर्षण घटते, आणि आंबा घाट उतरणारा चालक पायाने जोर लावीत असतानाही गाडी आवरेनाशी होते. डिस्क ब्रेकची तबकडी मात्र उघड्या हवेत फिरते, आणि तापली तरी पॅडपासून दूर न जाता पॅडकडेच फुगते, म्हणून ती अधिक भरवशाची. शिवाय ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे सरकतो. गुरुत्वमध्याची उंची ५५ सेंटिमीटर, दोन आसांमधील अंतर २३४ सेंटिमीटर, आणि मंदन गुरुत्वत्वरणाच्या सात दशांश असेल, तर ९०० किलोच्या गाडीत सुमारे १४८ किलोचा भार मागच्या चाकांवरून उतरून पुढच्या चाकांवर जातो. म्हणूनच पुढचे ब्रेक मोठे आणि मागचे बेताचे ठेवावे लागतात. हे प्रमाण उलटले तर मागची चाके आधी जाम होऊन गाडी गर्रकन फिरते. भंगारातून सांगाडा वजनावर मिळेल, आसने जुन्या गाडीची चालतील. परंतु ब्रेकचे सिलिंडर, नळ्या, सुकाणूचे सांधे आणि टायर हे नवेच घ्यावेत, आणि अंदाजपत्रकात त्यांची तजवीज सर्वप्रथम करावी.

कोल्हापूर जिल्ह्याने या वाटेवर आणखी मोठे पाऊल टाकले होते, याचे स्मरण आज फार थोड्यांना आहे. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४५ च्या सुमारास सामान्य कुटुंबाला परवडेल अशा छोट्या मोटारीचा ध्यास घेतला, १९४९ साली पहिला नमुना रस्त्यावर आणला, आणि पुढची पंचवीसएक वर्षे त्यात सतत सुधारणा करीत ‘मीरा’ या नावाची, हवेने थंड होणारे इंजिन मागच्या बाजूस असलेली आणि रबराच्या सस्पेन्शनवर चालणारी गाडी सिद्ध केली. बारा हजार रुपयांत ती देता येईल असा त्यांचा हिशेब होता. ती कारखान्यात कधी उतरली नाही. परवान्यांच्या त्या काळात एकट्या माणसाच्या बुद्धीला दप्तराचा दरवाजा उघडून मिळाला नाही, ही मला या जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासातील मोठी हानी वाटते.

दप्तराची स्थिती आज काय आहे? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली खरी. परंतु ती गाडी मूळ स्वरूपात राखलेली असली पाहिजे, अशी त्या तरतुदीची अट आहे. म्हणजे हॉट रॉड बनवणाऱ्याला सार्वजनिक रस्ता आज बंद आहे, आणि ज्याला हे काम करावयाचे आहे त्याने ती गाडी खासगी आवारात किंवा बंदिस्त शर्यतमार्गावरच चालवावी. सांगाडा घेताना मूळ नोंदणी रीतसर रद्द झाल्याचा दाखलाही मागून घ्यावा. सुरक्षिततेसाठी निर्बंध हवेतच, याविषयी दुमत नाही. परंतु ब्रिटनमध्ये एकट्याने बनवलेल्या एकेका गाडीचीही ब्रेक, सुकाणू, दिवे, धूर आदी बाबतींत सरकारी केंद्रात तपासणी करून तिला रस्त्यावर येण्याची मुभा दिली जाते. आपल्याकडे पुण्याला वाहनांची चाचणी घेणारी एआरएआयसारखी जाणती संस्था आहे. आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी बाहा नावाच्या वाहनबांधणी स्पर्धेसाठी २००७ पासून नळ्यांच्या चौकटीची एकासनी वाहने स्वतः बांधून कडक तांत्रिक तपासणीतून पार पाडीत आले आहेत. तेव्हा हाताने बनवलेल्या वाहनांसाठी ठरावीक वेगमर्यादा, ठरावीक शुल्क आणि कठोर परीक्षा असलेला एक नोंदणीवर्ग केंद्रीय परिवहन मंत्रालयाने निर्माण करावा, आणि त्याच्या पहिल्या तपासणी केंद्रांपैकी एक कोल्हापुरास द्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.